स्वस्त मद्य आणि ओस पडलेली पानगृहे
किंमत व सवय यांच्या संबंधाचा ब्रिटनमधील एक अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

वस्तू स्वस्त झाली की तिचा खप वाढतो आणि महाग झाली की घटतो, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक नियम होय. परंतु हा नियम सर्व वस्तूंना सारख्याच प्रमाणात लागू पडत नाही. मीठ निम्म्या किमतीत मिळू लागले म्हणून कोणी भाजीत दुप्पट मीठ घालीत नाही. मद्याच्या बाबतीत काय घडते? या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. ज्याला पिण्याची सवय जडली तो वाटेल ती किंमत मोजील, तेव्हा किमतीचा विचार व्यर्थ आहे, असे काहीजण म्हणतात. उलट, किंमत भरमसाट वाढविली की व्यसन आपोआप नाहीसे होईल, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते.

ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे ब्रिटनच्या गेल्या काही दशकांच्या अनुभवावरून दिसते. त्या देशात मद्य विकण्याची दोन प्रकारची स्थळे आहेत. पहिले स्थळ म्हणजे पानगृह, ज्याला तेथे 'पब' म्हणतात. तेथे मद्य विकत घेऊन तेथेच बसून प्यायचे असते. दुसरे स्थळ म्हणजे दुकान. तेथून बाटली किंवा डबा विकत घेऊन घरी न्यावयाचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दुसऱ्या प्रकारच्या विक्रीत सुपरमार्केट नावाच्या प्रचंड दुकानांचा प्रवेश झाला. त्यामुळे मद्याची किंमत, पिण्याचे ठिकाण, पिण्याची वेळ आणि प्रमाण या साऱ्यांतच पालट घडून आला. तो कसा घडला आणि त्यावर कोणते उपाय योजण्यात आले, याचा विचार पुढे केला आहे.

२. पानगृह ही संस्था

'पब' हा शब्द 'सार्वजनिक घर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा संक्षेप आहे. ब्रिटनमधील खेडेगावात चर्च, शाळा आणि पानगृह ही तीन स्थळे समाजजीवनाची केंद्रे मानली जात. दिवसाचे काम आटोपल्यावर शेतकरी, खाणकामगार, कारकून असे निरनिराळे लोक तेथे जमत. बातम्यांची देवघेव होई, खेळ चालत, प्रसंगी वर्गणी गोळा होई. १९३७ नंतरच्या काही वर्षांत बोल्टन या गिरणी-शहरातील पानगृहांचे 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेच्या निरीक्षकांनी प्रत्यक्ष तेथे बसून निरीक्षण केले, आणि त्यावरील ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामकरी वर्गाच्या जीवनात पानगृहाला किती मोठे स्थान होते, हे त्या अभ्यासामुळे प्रथमच पद्धतशीरपणे नोंदले गेले.

पानगृहे भरभराटीस येण्यामागे एक साधे भौतिक कारणही होते. पिंपातील पारंपरिक बिअर टिकाऊ नसते. पिंपाला तोटी बसविल्यानंतर काही दिवसांतच ती खराब होते. म्हणून एका कुटुंबाने पिंप घरी ठेवणे परवडत नसे. अनेकांनी मिळून ते लवकर संपवावे, हेच सोयीचे होते. पानगृह हे त्या सामुदायिक पिंपाचे स्थान होते.

पानगृहातील पिण्यावर काही बंधने असतात. मद्य ठरलेल्या मापानेच दिले जाते: बिअरचे माप पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, व्हिस्कीसारख्या जहाल मद्याचे माप २५ किंवा ३५ मिलिलिटर. झिंगलेल्या माणसाला आणखी मद्य देणे हा विक्रेत्याचा गुन्हा ठरतो. ठराविक वेळी पानगृह बंद होते. शिवाय शेजारी-पाजारी पाहत असतात, ही लोकलज्जा वेगळीच.

तथापि पानगृहांचे केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. आठवड्याचा पगार घरी पोचण्यापूर्वीच तेथे संपल्याची उदाहरणे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश समाजजीवनात विपुल सापडतात. प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेले मागविण्याच्या रूढीमुळे, ज्याला एकच पेला हवा त्यालाही चार प्यावे लागत. स्त्रियांना तेथे दीर्घकाळ मोकळेपणाने वावरता येत नसे. म्हणून पानगृह चांगले की वाईट, असा प्रश्न विचारण्यापेक्षा, पिण्याचे ठिकाण बदलले तर पिण्याच्या प्रमाणात आणि परिणामात काय बदल होतो, असा प्रश्न विचारणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

३. इतिहासातील एक धडा

स्वस्त मद्याचा प्रश्न ब्रिटनला नवा नव्हता. १६९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये धान्यापासून ऊर्ध्वपातित मद्य काढण्यास मोकळीक मिळाली. त्यामुळे जिन नावाचे जहाल मद्य अतिशय स्वस्त झाले आणि पुढील अर्धशतक लंडनच्या दरिद्री वस्त्यांत त्याने थैमान घातले. १७३६ मध्ये पार्लमेंटने यावर जालीम उपाय योजला. किरकोळ विक्रेत्याला ५० पौंडांचा वार्षिक परवाना आणि गॅलनमागे २० शिलिंग कर, अशी जबरदस्त आकारणी करण्यात आली. परिणाम असा झाला की परवाने जवळजवळ कोणी घेतलेच नाहीत. चोरटी विक्री मात्र राजरोस चालू राहिली. १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ चा कायदा अधिक व्यवहार्य होता. मध्यम कर, परवानाधारक विक्रेत्यांवर देखरेख आणि त्यानंतरच्या वर्षांत वाढलेले धान्याचे भाव यांच्या एकत्रित परिणामाने जिनचा खप उतरला. होगार्थ या चित्रकाराचे जिनग्रस्त गल्लीचे प्रसिद्ध चित्र याच १७५१ सालचे आहे.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मद्य अत्यंत स्वस्त झाले तर त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा घाला गरीब वस्तीवर पडतो. दुसरे असे की किंमत एकदम आवाक्याबाहेर नेली तर कायद्याचा बाजार बंद पडून चोरबाजार उघडतो. किमतीचे शस्त्र उपयोगी आहे, परंतु ते मापून वापरावे लागते.

४. दुकानाच्या फळीवर मद्य

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सुपरमार्केटचा प्रसार होऊ लागला. १९६१ च्या परवाना कायद्याने इंग्लंड व वेल्समधील दुकानांना दिवसभराच्या व्यापारी वेळांत मद्य विकण्याची मोकळीक मिळाली. तोपर्यंत अनेक वस्तूंची किरकोळ किंमत उत्पादकच ठरवून देत आणि दुकानदाराला त्याखाली विकता येत नसे. १९६४ च्या कायद्याने ही प्रथा बहुतांशी मोडीत काढली. आता मोठ्या दुकानाला आपल्या इच्छेनुसार किंमत पाडता येऊ लागली.

याच सुमारास घराघरांत शीतकपाट आणि दूरचित्रवाणी आली, मोटारी वाढल्या, बिअर हवाबंद डब्यांतून मिळू लागली. म्हणजे जी बिअर पूर्वी टिकत नव्हती म्हणून पानगृहात जावे लागे, ती आता महिनोन्महिने घरात टिकू लागली. आणि संध्याकाळच्या करमणुकीसाठीही घराबाहेर पडण्याचे कारण उरले नाही.

सुपरमार्केटमधील मद्य पानगृहापेक्षा स्वस्त का असते, याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण खरेदीच्या आकारमानाचे. हजारो दुकानांसाठी एकदम माल उचलणारी कंपनी उत्पादकाकडून सवलत मिळवू शकते. एकट्या पानगृहाच्या चालकाला ते शक्य नसते. उलट, अनेक पानगृहांचे चालक हे जागेच्या मालक-कंपनीकडूनच बिअर घेण्यास करारान्वये बांधलेले असतात.

दुसरे कारण सेवेच्या खर्चाचे. पानगृहाच्या पेल्यात नोकरांचा पगार, जागेचे भाडे, स्थानिक कर, दिवाबत्ती आणि शेगडी या साऱ्यांचा वाटा असतो. दुकानातील बाटलीवर हा भार नाममात्र असतो.

तिसरे कारण आमिषाचे. मद्य अत्यल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकून गिऱ्हाईक दुकानात खेचावयाचे आणि तो तोटा इतर जिनसांवर भरून काढावयाचा, ही युक्ती अनेक प्रकारच्या माल विकणाऱ्या दुकानालाच साधते. ज्याच्याकडे विकण्यास मुख्यतः मद्यच आहे, त्याला ती करता येत नाही.

चौथे कारण करपद्धतीचे. ब्रिटनमध्ये बहुतेक कोऱ्या खाद्यपदार्थांवर मूल्यवर्धित कर शून्य असतो, परंतु पानगृहात वाढलेल्या जेवणावर तो पूर्ण दराने भरावा लागतो. त्यामुळे खाद्यविक्रीच्या आधारावर मद्य स्वस्त ठेवणे दुकानाला सोपे जाते.

या कारणांचा एकत्रित परिणाम आकड्यांत पाहावयाचा तर स्कॉटलंडचे उदाहरण घेता येईल. तेथे २०१७ मध्ये दुकानातील मद्याची सरासरी किंमत दर एककास सुमारे ५४ पेन्स होती आणि पानगृहे, उपाहारगृहे इत्यादींमध्ये ती सुमारे १ पौंड ८० पेन्स होती. म्हणजे तेवढाच मद्यार्क पानगृहात तिपटीहून अधिक महाग पडत होता. साहजिकच त्या वेळी स्कॉटलंडमध्ये विकल्या जाणाऱ्या एकूण मद्यार्कापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश दुकानांतून विकला जात असे.

५. पानगृहांवरील परिणाम

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २००८ मध्ये त्या देशात सुमारे ५०,००० पानगृहे होती; २०१८ मध्ये ती सुमारे ३९,००० उरली. दहा वर्षांत जवळजवळ ११,००० पानगृहांना टाळे लागले. बंद पडलेल्यांत लहान, मोजक्या नोकरांवर चालणाऱ्या पानगृहांचा भरणा अधिक होता. मोठी पानगृहे टिकली, कित्येकांनी जेवणाची व्यवस्था वाढविली; आणि आश्चर्याची गोष्ट अशी की या धंद्यातील एकूण नोकऱ्यांची संख्या याच काळात काहीशी वाढली. थोडक्यात, पानगृहांचा संपूर्ण धंदा बुडाला नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरील, केवळ बिअर विकणारे छोटे पानगृह बुडाले.

या पडझडीचे सारे खापर सुपरमार्केटवर फोडणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे होईल. दोन घटना एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. या काळात इतरही अनेक घटना घडल्या होत्या. सार्वजनिक बंदिस्त जागी धूम्रपान करण्यास स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून, तर इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून बंदी आली. २००८ मध्ये मोठी आर्थिक मंदी आली. त्याच वर्षापासून २०१३ पर्यंत बिअरवरील अबकारी कर दरवर्षी महागाईपेक्षा अधिक वेगाने वाढविण्यात आला. अनेक शहरांत पानगृहाच्या धंद्यापेक्षा त्याखालील जमिनीलाच अधिक मोल आले आणि इमारती निवासासाठी विकल्या गेल्या. तरुण पिढीत मद्य न पिणाऱ्यांचे प्रमाण वाढले. खाणी व गिरण्या बंद पडल्यामुळे त्यांच्या आधारे चालणारी पानगृहेही निराधार झाली.

तेव्हा स्वस्त दुकानी मद्य हे अनेक कारणांपैकी एक, परंतु दीर्घकाळ आणि सतत काम करणारे कारण होते, एवढेच विधान सुरक्षितपणे करता येते.

पानगृह बंद झाल्याने होणारी हानी केवळ धंद्याची नसते. खेड्यातील एकुलते एक पानगृह गेले की एकाकी वृद्धांना चार माणसांत बसण्याची जागा उरत नाही. म्हणून काही ठिकाणी गावकऱ्यांनीच भाग-भांडवल जमवून पानगृह विकत घेतले. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या गावी 'ओल्ड क्राउन' हे पानगृह २००३ मध्ये अशा सहकारी मालकीचे झाले. इंग्लंडमध्ये २०११ च्या एका कायद्याने अशा जागांची 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंद करण्याची सोय झाली, आणि २०१७ पासून पानगृह पाडण्यास किंवा त्याचा वापर बदलण्यास नियोजन-परवानगी आवश्यक ठरली.

६. सवयी कशा पालटल्या

घरी पिणाऱ्याला माप नसते. पाहणारा कोणी नसतो आणि बंद होण्याची वेळही नसते. पानगृहात २५ मिलिलिटरच्या मापाने मिळणारी व्हिस्की घरच्या पेल्यात हाताच्या अंदाजाने ओतली जाते, आणि तो अंदाज बहुधा सढळच असतो. बाटली घरात आहे हेच पिण्याचे निमित्त होऊन बसते. ज्याला एकट्याने पिण्याची सवय लागते, त्याचे प्रमाण वाढले तरी ते इतरांच्या ध्यानात उशिरा येते.

घरी पिण्याचा आणि पानगृहात पिण्याचा असा तिसरा मिश्र प्रकारही रूढ झाला. तरुण मंडळी आधी दुकानातील स्वस्त मद्य घरी पितात आणि मग रात्री उशिरा पानगृहात किंवा नृत्यगृहात जातात. अशा वेळी पानगृहाच्या चालकासमोर आलेला माणूस आधीच झिंगलेला असतो. रस्त्यावरील दंग्याचा दोष मात्र चालकाच्या माथी येतो.

शरीरावरील परिणाम समजण्यासाठी यकृताचे कार्य ध्यानात घ्यावे लागते. पोटात गेलेल्या मद्यार्काचे विघटन मुख्यतः यकृतात होते. तेथे त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. साधारण प्रौढ माणसाचे यकृत तासाला सुमारे ८ ग्रॅम मद्यार्काचा निचरा करू शकते. सतत याहून अधिक भार पडत राहिल्यास यकृतात प्रथम मेद साठतो, मग दाह होतो आणि अखेरीस निरोगी ऊतकाच्या जागी व्रणासारखे कठीण ऊतक तयार होते. या अवस्थेला यकृत-सूत्रण म्हणतात. ती बरीच पुढे जाईपर्यंत रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही, हे या रोगाचे मोठे कपट होय.

ब्रिटनमध्ये दर माणशी मद्यार्काचा खप १९५० नंतरच्या अर्धशतकात दुपटीहून अधिक झाला, २००४ च्या सुमारास कळसाला पोचला आणि नंतर उतरू लागला. या सरासरीआड एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. इंग्लंडमध्ये केलेल्या अभ्यासानुसार, अतिशय घातक प्रमाणात पिणारे लोक हे लोकसंख्येच्या सुमारे ४ टक्केच आहेत. परंतु एकूण मद्यार्कापैकी सुमारे ३० टक्के तेच पितात. सर्वांत स्वस्त मद्याचे गिऱ्हाईकही प्रामुख्याने हेच असतात. तेव्हा सरासरी खप उतरला तरी या लहान गटाचे मद्यपान वाढतच जाणे शक्य असते.

२०२० मधील कोविडच्या साथीने याचे दारुण प्रत्यंतर दिले. २० मार्च २०२० रोजी ब्रिटनमधील पानगृहे बंद करण्याचा आदेश निघाला. दुकानांतील मद्यविक्री मात्र चालू राहिली. पानगृहे बंद झाली म्हणजे मद्याचे बळी घटतील, अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती फोल ठरली. केवळ मद्यामुळेच झालेल्या मृत्यूंची संख्या २०१९ मध्ये ७,५६५ होती, ती २०२० मध्ये ८,९७४ वर गेली आणि २०२३ मध्ये १०,४७३ झाली. एकाकीपणा, चिंता, उपचारांत पडलेला खंड ही कारणेही यात होती. परंतु पिण्याचे ठिकाण बंद केल्याने पिणे बंद होत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

७. एककाचे गणित

निरनिराळ्या मद्यांची तुलना करण्यासाठी ब्रिटनमध्ये 'एकक' वापरतात. एक एकक म्हणजे १० मिलिलिटर, अर्थात सुमारे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. बाटलीतील एकके काढण्याची रीत सोपी आहे: मद्याचे मिलिलिटरमधील आकारमान त्यातील मद्यार्काच्या शेकडा प्रमाणाने गुणावे आणि १,००० ने भागावे.

यानुसार ४० टक्क्यांच्या ७०० मिलिलिटर व्हिस्कीत २८ एकके येतात. ४ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये २ एकके येतात. सफरचंदाच्या रसापासून किण्वनाने होणारे मद्य म्हणजे सायडर. ७.५ टक्क्यांच्या जहाल सायडरच्या तीन लिटरच्या बाटलीत २२.५ एकके येतात.

ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात नियमितपणे १४ एककांहून अधिक मद्य घेऊ नये. सायडरवरील कर हलका असल्यामुळे २०१८ पूर्वी स्कॉटलंडमध्ये वर उल्लेखिलेली तीन लिटरची बाटली चार पौंडांच्या आत मिळत असे. म्हणजे दर एककास १८ पेन्सहून कमी किंमत पडे, आणि आठवड्याची सारी मर्यादा अवघ्या अडीच पौंडांत संपविता येई. तीच १४ एकके पानगृहात घेण्यास २५ पौंड लागत. दहापट अंतर! दरिद्री, एकाकी आणि व्यसनाधीन माणूस यांपैकी कोणता मार्ग पत्करील, हे वेगळे सांगावयास नको.

८. स्कॉटलंडचा प्रयोग

ब्रिटनमध्ये मद्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्कॉटलंडमध्ये विशेष मोठे होते. तेथील पार्लमेंटने दोन टप्प्यांनी उपाय योजला. ऑक्टोबर २०११ पासून 'दोन घ्या, तिसरी फुकट' अशा प्रकारच्या घाऊक सवलतींना दुकानांत बंदी करण्यात आली. त्यानंतर २०१२ मध्ये मद्याच्या किमान किमतीचा कायदा संमत झाला. मद्य कोणतेही असो, त्यातील प्रत्येक एककास ठराविक रकमेहून कमी किंमत घेता येणार नाही, असे त्याचे सूत्र होते.

स्कॉच व्हिस्कीच्या उत्पादक-संघाने या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले. खुल्या व्यापाराच्या तत्त्वाला यामुळे बाध येतो, कराने हेच कार्य साधता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला आणि १ मे २०१८ पासून दर एककास ५० पेन्स ही किमान किंमत लागू झाली.

कर आणि किमान किंमत यांतील फरक येथे समजून घेतला पाहिजे. कर वाढविला तरी मोठे दुकान तो स्वतः सोसून बाटली स्वस्तच ठेवू शकते. किमान किमतीत ही पळवाट राहत नाही. शिवाय ती सर्वांत स्वस्त मद्यावरच पडते. सायडरची तीन लिटरची बाटली एकदम ११ पौंड २५ पेन्स झाली. व्हिस्कीची बाटली १४ पौंडांखाली विकता येईना. पानगृहातील पेला मात्र जसाच्या तसा राहिला, कारण त्याची किंमत आधीच त्याहून कितीतरी अधिक होती. वेल्सने मार्च २०२० मध्ये आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने जानेवारी २०२२ मध्ये अशीच योजना स्वीकारली. महागाईमुळे ५० पेन्सचे मोल उतरल्याने स्कॉटलंडने ३० सप्टेंबर २०२४ पासून ही किंमत ६५ पेन्स केली.

परिणाम काय झाला? स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये आपले अंतिम मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात इंग्लंडशी तुलना करून, ही योजना नसती तर काय झाले असते याचा अंदाज बांधण्यात आला. त्या अंदाजाच्या मानाने मद्याची विक्री सुमारे ३ टक्क्यांनी कमी झाली आणि केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे वर्षाला सरासरी दीडशेहून अधिक जीव वाचले. हा लाभ पुरुषांत आणि सर्वांत दरिद्री वस्त्यांत अधिक दिसला. विक्रीत घट थोडी आणि मृत्यूंत घट मोठी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु अतिरेकी पिणाऱ्यांच्याच मद्यावर किंमत पडली होती, हे लक्षात घेतले म्हणजे कोडे उलगडते.

९. मर्यादा आणि आक्षेप

वरील आकडे वाचताना सावधगिरी हवी. स्कॉटलंडमध्ये २०१९ मध्ये मद्यामुळे १,०२० मृत्यू झाले होते. २०२३ मध्ये ते १,२७७ झाले. मग योजना अयशस्वी झाली काय? तसे म्हणता येत नाही, कारण साथीच्या वर्षांत इंग्लंडमध्येही मृत्यू वेगाने वाढले होते. छत्री घेऊनही माणूस थोडा भिजला, म्हणून छत्री निरुपयोगी ठरत नाही. छत्रीविना तो किती भिजला असता, हा खरा प्रश्न असतो. परंतु अशी तुलना शेवटी अंदाजावर आधारलेली असते, हेही तितकेच खरे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्यांचे शरीर मद्यावर पूर्णपणे अवलंबून झाले आहे, त्यांच्यावर किमतीचा इष्ट परिणाम झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यांपैकी काहींनी पिणे कमी करण्याऐवजी अन्नावरील खर्च कमी केला. अशांना उपचार, समुपदेशन आणि आधार यांचीच गरज असते. किंमत हे औषध नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा. किमान किमतीमुळे वाढलेली रक्कम कराप्रमाणे सरकारी तिजोरीत जात नाही. ती दुकानदार व उत्पादक यांच्याकडे राहते. उपचारकेंद्रांना ती मिळावी, अशी मागणी म्हणूनच वारंवार होते.

चौथी गोष्ट पानगृहांची. दुकानी मद्य महाग झाले म्हणजे लोक पुन्हा पानगृहाकडे वळतील, अशी आशा काहींनी केली होती. मूल्यमापनात मद्याच्या धंद्यावर एकंदरीत लक्षणीय बरा किंवा वाईट परिणाम आढळला नाही. एकदा मोडलेली सवय केवळ किमतीने परत येत नाही. ब्रिटिश सरकारने ऑगस्ट २०२३ पासून मद्यावरील कर मद्यार्काच्या प्रमाणानुसार आकारण्यास आरंभ केला आणि पानगृहातील पिंपाच्या बिअरला व सायडरला दुकानी मालापेक्षा काहीसा हलका कर लावला. त्यामागे पानगृहांना हात देण्याचाच उद्देश होता.

१०. भारतीय वाचकासाठी

भारताच्या राज्यघटनेतील ४७ व्या अनुच्छेदात, औषधी उपयोग वगळता मादक पेयांचे सेवन बंद करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मद्याचे नियमन हा राज्यांच्या अधिकारातील विषय असल्याने धोरणे ठिकठिकाणी भिन्न आहेत. ब्रिटनमधील पानगृहासारखी संस्था येथे नाही. म्हणून तेथील निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. तरीही प्रश्नाचे बीज ओळखीचे आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा द्राक्षउत्पादकांचे हित आणि घरोघरी मद्य पोचण्याची भीती या दोन बाजूंनी मोठा वाद झाला. दुसरीकडे, जून २०१५ मध्ये मुंबईत मालाड-मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसांचे बळी घेतले. कायदेशीर मद्याच्या किमतीचा विचार करताना हातभट्टीच्या आणि भेसळीच्या धोक्याचा विचार सोडून चालत नाही, हा १७३६ च्या इंग्लंडचा धडा येथेही लागू पडतो.

मद्य किती पिले जाईल हे पिणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असते. पण ते केवळ त्याच्यावरच अवलंबून नसते. ते कोठे मिळते, कोणत्या मापाने मिळते, कोणासमवेत प्यायले जाते आणि त्याला काय पडते, या गोष्टी समाज ठरवितो. ब्रिटनमध्ये या गोष्टी बाजारावर सोपविल्या गेल्या, तेव्हा त्यांचा बदल कोणाच्या ध्यानातही आला नाही; रुग्णालयांतील खाटा भरू लागल्यावर मात्र तो मोजावा लागला.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत किती एकके असतील? ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये किती असतील?

२. तीन लिटर सायडरची किमान किंमत ५० पेन्सच्या दराने व ६५ पेन्सच्या दराने काढा आणि दोहोंतील फरक सांगा.

३. 'पानगृहे बंद पडली आणि सुपरमार्केटे वाढली. म्हणून सुपरमार्केटमुळे पानगृहे बंद पडली.' या युक्तिवादातील उणीव दाखवा.

४. मद्यावरील कर आणि मद्याची किमान किंमत यांपैकी कशाचा परिणाम कोणावर अधिक होतो, याची कारणांसह चर्चा करा.